पफ गोधडीचं किट: वरचं कापड छान, तळाचं मात्र बदलून घ्या

फुगीर चौकोनांच्या बाळगोधडीचं तयार किट आता ऑनलाइन सहज मिळतं. डब्यात कापलेले तुकडे, भरण, अस्तर, गोटाची पट्टी, दोरा, सुई आणि सूचनापत्रक असा सगळा सरंजाम असतो. इथे ज्या किटबद्दल लिहिलंय ते ३२ × ४० इंचाचं आहे. आडव्या रांगेत ८ पफ, अशा १० रांगा, म्हणजे एकूण ८० पफ, आणि शिवून झाल्यावर प्रत्येक पफ ४ इंचांचा. याच मापाची किटं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, त्यामुळे डब्यावरच्या नावापेक्षा आत काय आहे ते कसं पारखायचं, याला इथे जास्त जागा दिली आहे.

निकाल आधीच सांगते. किट घ्यायला हरकत नाही, पण तळाचे तुकडे आणि दोरा बदला आणि भरण थोडं जास्तीचं आणून ठेवा. हे न करता शिवायला बसलात, तर गोधडी फोटोत छान दिसेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात उसवायला लागेल.

आपल्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो. तिची ताकद त्या धावदोऱ्यात असते. एखादा थर विरला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. पफ गोधडीत असं काही नसतं. पाश्चात्त्य देशांतून, विशेषतः अमेरिकेतून आलेल्या या प्रकारात प्रत्येक चौकोन ही वर मोठा आणि तळाला लहान तुकडा लावून केलेली स्वतंत्र, भरलेली छोटी उशी असते आणि अशा उश्या कडेला कड लावून जोडतात. आरपार टाका कुठेच नसतो. सगळा भार कडांच्या शिवणीवर येतो आणि त्या शिवणीत तळाचा तुकडा असतो. म्हणून या गोधडीत सगळ्यांत महत्त्वाचं कापड म्हणजे जे कधीच दिसत नाही ते, आणि किटवाल्यांनी काटकसर केलीय ती नेमकी तिथेच.

आधी चांगल्या बाजूकडे येऊ. वरचे तुकडे ५.५ इंचांचे, सुती, घट्ट विणीचे आणि मऊ आहेत. छपाई स्वच्छ आहे. उजेडाकडे धरून पाहिलं तर वीण विरळ वाटत नाही. ८० तुकडे एकावर एक ठेवून कडा जुळवल्या तर फरक अर्ध्या सुताच्या आतच राहतो. (एका इंचात ८ सूत, पाव इंच म्हणजे २ सूत. पुढे हीच मापं वापरली आहेत.) तुकडे उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापलेत, तिरके गेलेले नाहीत. हे पारखायचं असेल तर तुकडा दोन्ही हातांत धरून कडेच्या दिशेने ताणा. फारसा ताणला गेला नाही, तर धागा सरळ आहे. खूप ताणला तर तो उरेब कापलाय, आणि असा तुकडा भरल्यावर एका बाजूला कलतो.

उणीव आहे ती रंगाची. गडद लाल आणि मरून तुकड्यांचा रंग सुटतो. शिवायच्या आधी पांढरा ओला रुमाल या तुकड्यांवर दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर गडद तुकडे वेगळे काढा, थंड पाण्यात हातानेच बुचकळा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगितलं जातं, पण आजच्या छापील कापडाला मिठाचा उपयोग होत नाही. रंग सुटायचा तेवढा सोडून देणं हाच उपाय. कापलेले तुकडे मशीनमध्ये मात्र घालू नका, कडांचे धागे सुटून मापच बिघडतं. सावलीत पसरून वाळवा आणि जरा दमट असतानाच इस्त्री फिरवा.

आता तळाचे तुकडे. किटमध्ये ४.५ इंचांचे ८० पांढरे तुकडे येतात आणि पहिल्या स्पर्शाला ते कापडच वाटतात. पण ते विणलेलं कापड नाही. बाजारात ‘नॉन-वोव्हन’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांच्या जातीचं ते पत्र्यासारखं दाबलेलं पॉलिप्रोपिलीन आहे. त्यात उभा-आडवा धागाच नाही. सुई गेली की भोक तसंच राहतं, मिटत नाही. इंचाला सात-आठ टाके पडले की कागदाच्या तिकिटावर असते तशी भोकांची ओळ तयार होते आणि ओढ बसली की तुकडा त्या ओळीवरच फाटतो. मशीनची शिलाई निदान सारख्या ताणाची असते. हाताच्या शिलाईत एखादा टाका घट्ट, एखादा सैल, त्यामुळे फाटायला सुरुवात आणखी लवकर होते. शिवाय इस्त्री लागली की हे आक्रसतं.

हे तुकडे बाजूला ठेवा आणि मांजरपाट आणा. ४४ इंच पन्ह्याचा सव्वा मीटर पुरतो. किनार सोडून एका पट्टीत ४.५ इंचांचे ९ तुकडे बसतात, ८० तुकड्यांना ९ पट्ट्या लागतात, म्हणजे साधारण ४१ इंच लांबी. उरलेलं आटण्यासाठी. मांजरपाट कापायच्या आधी कोमट पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्याच. इथे आळस नको, कारण पफ गोधडीचं माप तळाचा तुकडाच ठरवतो. वरचं कापड एखादा सूत आटलं तरी फुगीरपणात ते झाकलं जातं. तळ आटला तर पफ लहान होतो आणि ८ पफांच्या रांगेत तो फरक आठपट दिसतो. मांजरपाट फार जाडंभरडं, खळीचं वाटत असेल तर इचलकरंजीच्या मागांवरचं साधं सुती पॉपलिनही चालतं. पातळ वायल मात्र नको, त्यातून फायबरचे तंतू बाहेर येतात.

दोऱ्याबद्दलही तेच. किटमधलं रीळ चमकदार आणि रंगीत आहे, पण तो भरतकामाचा रेयॉनचा दोरा आहे. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, आणि ओली पफ गोधडी तर चांगलीच जड असते. नेमक्या त्याच वेळी शिवणीवर ओढ येते. दोरा कशाचा आहे ते ओळखायचं तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर रेयॉन किंवा सूत, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सूत आणि रेयॉन यांतला फरक चकाकीवरून कळतोच. जोडणीला नेहमीचा स्पन पॉलिस्टर दोरा किंवा ४० नंबरचा चांगला सुती दोरा घ्या. कच्च्या धावदोऱ्यासकट सगळ्या गोधडीला १०० मीटरच्या आसपास दोरा लागतो, तेव्हा एक मोठं रीळ आणि एक जादा जवळ असू द्या. रेयॉनचं रीळ जपून ठेवा, भरतकामाला ते उत्तम आहे.

सुई दिलीय ती दाभणाच्या वळणाची, जाड. सहा-सहा पदरांतून जायला जाड सुई बरी असं वाटतं, पण जाड सुई अडते, बोटं दुखवते आणि मोठी भोकं पाडते. ‘शार्प’ ७ नंबरची सुई घ्या. सुयांमध्ये नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पहिल्यांदाच शिवत असाल तर ७, हात बसलेला असेल तर ८. अंगुस्तान, म्हणजे सुई रेटताना बोटात घालायची टोपी, किटमध्ये नाही आणि ते हवंच. दोरा हातभर, फार तर १८ इंच घ्या आणि मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्या. त्यापेक्षा लांब दोऱ्याला पीळ चढतो आणि गाठी पडतात.

सूचनापत्रक चार चित्रांचं आहे. त्यात तुकडे एकमेकांवर ठेवा, चुण्या घाला, भरा, जोडा एवढंच सांगितलंय. चुण्या कोणत्या दिशेला घालायच्या हे दिलेलं नाही, आणि हाताने शिवणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथेच असतं.

वरचा तुकडा तळापेक्षा १ इंचाने मोठा आहे. दोघांची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून चारही कोपरे टाचणीने जुळवा. आता प्रत्येक बाजूला १ इंच कापड जास्तीचं उरतं. बाजूच्या बरोबर मध्यावर ते चिमटीत धरा, अर्धा इंच खोल एक चुणी होईल, ती एका बाजूला पाडा आणि टाचणी लावा. चारही बाजूंना हेच करायचं, पण सगळ्या चुण्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पडल्या पाहिजेत. तुकडा समोर धरलात तर वरच्या बाजूची चुणी उजवीकडे, उजव्या बाजूची खाली, खालच्या बाजूची डावीकडे आणि डाव्या बाजूची वर. ८० पैकी ८० तुकड्यांत हीच दिशा ठेवा.

याचं कारण जोडणी करताना कळतं. एका पफची उजवी बाजू शेजारच्या पफच्या डाव्या बाजूला लागते. पहिल्याची चुणी खाली पडलेली, दुसऱ्याची वर. त्या एकमेकींवर येत नाहीत, शेजारी बसतात. चुणी असते तिथे वरच्या कापडाचे ३ पदर आणि तळाचा १, असे ४. चुण्या उलट दिशांना असल्या तर सुईला एका वेळी ६ पदर ओलांडावे लागतात. दिशा चुकून दोन चुण्या एकाच जागी आल्या तर ८. सहा पदरांत बारीक सुई निमूट जाते. आठ पदरांत ती अडते, टाका मोठा पडतो आणि पुढे शिवण तिथेच उघडते. कुठला पफ उलट्या दिशेचा झालाय हे जोडायच्या आधी तपासायचं असेल तर सगळे पफ फरशीवर मांडा आणि फक्त उजव्या बाजूच्या चुण्यांवरून नजर फिरवा. वर पडलेली एखादी लगेच दिसते.

तीन बाजूंना कडेपासून १ सूत आत कच्चा धावदोरा घाला, चौथ्या बाजूला दोन-अडीच इंच तोंड मोकळं ठेवा. कच्चा दोरा १ सूत आत आणि जोडणीची शिवण २ सूत आत, म्हणजे कच्चा दोरा शिवणीच्या पोटात आपोआप झाकला जातो. तो उसवत बसावं लागत नाही. काही जणी तळाच्या तुकड्याला मधोमध चीर देऊन, आधी सगळी गोधडी जोडून मग भरतात. जोडताना फुगा आड येत नाही हा त्यात फायदा आहे. पण नंतर ८० चिरा हाताने शिवाव्या लागतात आणि प्रत्येक चीर ही तळाची कमजोर जागा होऊन बसते. हाताच्या कामात तोंडातून भरलेलंच बरं.

भरणाबाबत किटने निवड चांगली केलीय, पण हात आखडता घेतलाय. पिशवीत ४०० ग्रॅम फायबर आहे, म्हणजे पफामागे ५ ग्रॅम. ४ इंचांच्या पफला ६ ग्रॅम लागतात, एकूण ४८० ग्रॅम. ५ ग्रॅमात पफ आज बरा दिसतो, पण धुतल्यावर बसतो आणि चुण्यांच्या जागी सुरकुत्या उठून दिसतात. त्याहून वाईट म्हणजे बहुतेक जण पहिले पफ सढळ हाताने भरतात आणि शेवटच्या दोन रांगांना भरण उरत नाही. मग गोधडीचा एक काठ फुगीर आणि दुसरा चपटा. किटबरोबर १०० ग्रॅम फायबर सुटं घ्या. भरताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जवळ ठेवा, पहिले पाच पफ ६ ग्रॅम मोजून भरा, त्यांचा अंदाज हाताला बसला की पुढे दर रांगेत एखादाच मोजला तरी चालेल.

फायबर पिशवीतून काढून तसंच कोंबू नका. आधी बोटांनी पिंजून मोकळं करा, गोळे राहिले तर ते पफात तसेच हाताला लागतात. एकच सैल पुंजका करून आत सरकवा, चिमूट-चिमूट घातलं की गाठी होतात. कोपऱ्यांत दाबून भरू नका, कारण २ सूत शिवणीत जाणार आहेत आणि कोपऱ्यात भरण असेल तर तिथे सुई फायबरमधून जाते, तंतू टाक्याबरोबर बाहेर ओढले जातात. भरलेला पफ तळहाताने दाबून बघा. निम्मा दबून परत वर आला तर बरोबर. दबतच नसेल तर जास्त झालंय. असा टम्म पफ तळाच्या तुकड्यालाही बाक देतो, ४ इंचांचा पफ पावणेचारच भरतो आणि ८ पफांची रांग ३२ऐवजी ३० इंच होते. रांगा एकमेकींना जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा दोष कापण्यात नसतो, भरण्यात असतो.

फायबर पारखायचं तर डेनियर विचारा. दुकानात ७ डेनियर आणि १५ डेनियर असे प्रकार मिळतात. आकडा मोठा तितका तंतू जाड. १५चं फायबर जास्त उसळी घेतं आणि सोफ्याच्या उशांना ठीक आहे. बाळाच्या गोधडीला ७चं मऊ, सिलिकॉन दिलेलं, पोकळ तंतूचं फायबर हवं. किटमधलं तसंच आहे. मूठ दाबून सोडली की ते हळूच परत फुलतं आणि बोटांना किंचित निसरडं लागतं. ‘रिक्रॉन’ हे रिलायन्सच्या फायबरचं नाव, पण बाजारात कुठल्याही पॉलिस्टर भरणाला रिक्रॉनच म्हणतात, तेव्हा नावावर विसंबू नका, हातात घेऊन बघा.

पॉलिस्टर नकोच, घरचा कापूस भरायचा, अशी इच्छा पुष्कळांची असते. अंगाला कापूस सुखाचा, हे खरंच. पण गादी-दुलईत कापूस जागेवर राहतो तो आरपार टाक्यांमुळे. पफात आरपार टाका नाही, त्यामुळे धुतल्यावर कापसाचा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि तो परत पिंजता येत नाही. पावसाळ्यात आतपर्यंत वाळायला दोन-तीन दिवस लागतात, कोकणात तर त्याहून जास्त, आणि तोवर कुबट वास धरतो. सावरीचा कापूस हलका आणि पाणी न धरणारा, पण इतका बारीक आणि निसटता की मांजरपाटातूनही बाहेर येतो. नाका-डोळ्यांत जातो तो वेगळाच. सावरीच भरायची असेल तर तळ आणि वर दोन्हीकडे उशीच्या खोळीचं घट्ट कापड हवं आणि गोधडी फक्त उन्हात टाकायची, धुवायची नाही असं ठरवूनच. शिंप्याकडचं कातरण भरलं तर गोधडी जड आणि खडबडीत होते. फोमचे तुकडे काही काळाने पिवळे पडून त्यांचा भुगा होतो. बाळासाठी धुवायची गोधडी असेल तर फायबरच घ्या. त्याची उणीव म्हणजे ते गरम होतं, मुंबईच्या मे महिन्यात ते अंगावर सहन होणार नाही. आणि ते ज्वाळेत वितळतं, म्हणून देवघर, समई, शेगडी यांच्याजवळ नको.

भरून झालं की तोंड कच्च्या धावदोऱ्याने बंद करा. सरावलेल्या हाताला एक पफ चुण्यांपासून तोंड बंद करेपर्यंत १० ते १२ मिनिटं घेतो. जोडणी त्या मानाने लवकर होते.

जोडताना दोन पफ सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरा, कडा जुळवा, फुगा बोटांनी खाली सारून टाचण्या लावा. शिवताना तळाची बाजू स्वतःकडे ठेवा. मांजरपाटाची कड सरळ असते, तिच्यावर पेन्सिलीने २ सुतांची रेघ मारून ठेवली की डोळे झाकून शिवावं इतकं सोपं होतं. वरच्या कापडाच्या बाजूने शिवायला गेलात तर चुण्या नजर फसवतात आणि शिवण वाकडी जाते. इथे धावदोरा पुरत नाही, हातटीपच घाला: सुई एक टाका मागे घेऊन दोन टाके पुढे काढायची. इंचाला ७ ते ८ टाके, चुणीच्या जागी थोडे बारीक. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन टाके जागच्या जागी घ्या, नुसत्या गाठीवर सोडू नका.

८ पफांची एक रांग अशा १० रांगा करा आणि मग रांगा जोडा. शिवणीची कड पहिल्या रांगेत सगळी उजवीकडे, दुसरीत डावीकडे अशी वळवा, म्हणजे चार पफ भेटतात त्या चौकात दोन्ही कडा एकमेकींवर न येता शेजारी बसतात. चौकात एक हातटीप जास्तीची घाला, ओढ तिथेच बसते. गोधडी वाढत जाईल तसा तिचा भार टेबलावर टेकू द्या. मांडीवर घेऊन शिवताना ती खाली लोंबली तर ताज्या शिवणीतले टाके ताणले जाऊन फटी दिसायला लागतात.

किटमधलं अस्तर चांगलं आहे: सुती, फिक्या रंगाचं, एकसंध. फक्त तेही आधी भिजवून घ्या. न भिजवलेलं अस्तर लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचा भाग आटत नाही आणि कडा आत वळून गोधडी वाटीसारखी होते.

अस्तर लावल्यावर सगळीकडे धावदोरा घालायचा मोह होईल, घालू नका, पफ चपटे होतात. चौकांत टाचे मारायचे. ३२ × ४० इंचात आतले चौक ६३ येतात. एकाआड एक घेतले तर ३२ टाचे पुरतात. अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची आणि ६ पदरांची असते. सहाही पदर एकत्र घेऊन चौकातून खाली आणि पुन्हा वर काढा, सरळ गाठ मारा, म्हणजे आधी उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. एकाच बाजूने दोनदा गेलात तर ती गाठ सुटते. टोकं सेंटिमीटरभर ठेवतात, ती दिसतातही छान, पण लहान मूल ती ओढतं, चोखतं. म्हणून बाळाच्या गोधडीला गाठ न मारता त्याच जागी चार बारीक टाके घेऊन दोरा आत खेचून कापणं सुरक्षित.

गोटाची पट्टी अडीच इंच रुंदीची, सरळ धाग्यावर कापलेली आहे. कोपरे सरळ ठेवणार असाल तर ती बरोबर आहे. कोपरे गोल हवे असतील तर सरळ पट्टी तिथे चुरगळते, उरेब पट्टी वेगळी कापावी लागेल. पट्टी दुमडून दुहेरी करा, कडेच्या पफांचा फुगा आत सारून टाचण्या लावा, इथेही आधी तळाच्या बाजूने टीप आणि मग पट्टी वळवून वरून तुरपाई. कडेच्या पफांत भरण किंचित कमी, ५ ग्रॅमच ठेवलं तर गोट सपाट बसतो.

विक्रेत्याने किटवर झोपलेल्या तान्ह्या बाळाचं चित्र छापलंय, ते खटकतं. बालरोगतज्ज्ञ एक वर्षाखालच्या बाळाला झोपवताना मऊ, फुगीर पांघरूण, उशी, दुलई काहीही जवळ ठेवू नका असं सांगतात, कारण नाक-तोंड त्यात दबू शकतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्लाही हाच आहे. पफ गोधडी बारशाला द्यायला सुंदर आहे, पण ती जागं बाळ पालथं पडायला, रांगायला लागलं की जमिनीवर अंथरायची, आणि मोठं माणूस समोर असताना. झोपेसाठी आपलं सपाट, सुती दुपटंच ठेवा. किट भेट देणार असाल तर हे सोबत चिठ्ठीवर लिहून द्या.

धुण्याबद्दल पत्रकात एक ओळ आहे: ‘हलक्या हाताने धुवा’. तयार गोधडीचं वजन किलोच्या आसपास भरतं, ६ किलोच्या मशीनमध्ये एकटीच, थंड पाण्यात, नाजूक कपड्यांच्या चक्रावर ती आरामात धुतली जाते. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. दोरीवर एका टोकाने लटकवली तर सगळं पाणी खालच्या रांगांत उतरतं आणि वरच्या शिवणी ताणल्या जातात, म्हणून खाटेवर किंवा जाळीच्या स्टँडवर आडवी पसरा आणि अर्धी वाळल्यावर उलटवा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पफ दोन्ही तळव्यांत धरून हलका चोळला की फायबर पुन्हा फुलतं. इस्त्री कधीच नको.

किटऐवजी सगळं सुटं घ्यायचं झालं तर पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत मंगलदास मार्केट इथे हिंडून सगळं मिळतं. वरच्या कापडाला ४४ पन्ह्याचं एकूण पावणेदोन मीटर, मांजरपाट सव्वा मीटर, अस्तर एक मीटर, गोटाला ३० सेंटिमीटर, फायबर अर्धा किलो. पण वरचं कापड आठ-दहा रंगांत हवं असेल तर प्रत्येकाचं थोडं-थोडं घ्यावं लागतं आणि बरंच उरतं. रंग एकमेकांना जुळवणं आणि ८० तुकडे बिनचूक कापणं या दोन कामांसाठी किटचे पैसे वसूल होतात. घरात शिवणाचं कापड साठलेलं असेल आणि कात्रीवर हात बसलेला असेल, तर किटची गरज नाही.

याच विक्रेत्याचं ६० × ८८ इंचाचं मोठं किटही आहे, तेच ४ इंचांचे पफ, १५ × २२, म्हणजे ३३०. ते घेऊ नका. नुसतं भरणच २ किलो होतं, कापडासकट गोधडी साडेतीन-चार किलोवर जाते, आणि पाण्याने भिजलेली ती घरच्या मशीनला आणि हातांना झेपत नाही. मोठी हवीच असेल तर तळाला ६.५ आणि वरती ८ इंचांचे तुकडे घेऊन ६ इंचांचे पफ करा, चुणी पाऊण इंच खोल ठेवा. १० × १५ म्हणजे १५० पफांत ६० × ९० इंचांची गोधडी होते आणि जोडणीची शिवण किटच्या मानाने बरीच कमी पडते. एवढ्या मोठ्या पफात मात्र ६ ग्रॅम कुठेच दिसणार नाहीत, १५ ग्रॅमपासून सुरुवात करून तळहाताने दाबून ठरवा.